शेमस हीनीच्या मुलखात

मंगळवार, डब्लिन

आयरिश कवी शेमस हीनी ३० ऑगस्ट २०१३ला डब्लिनमध्ये वारला. जाण्याआधी काही मिनिटं त्याने बायकोला मोबाइलवर दोन लॅटिन शब्द पाठवले होते, ‘नोली टिमेरे’. भिऊ नकोस. लगेचच्या रविवारी क्रोक पार्क स्टेडियममध्ये गेलिक फुटबॉलचा उपान्त्य सामना होता. तिथे जमलेल्या ८० हजारांवर प्रेक्षकांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. सामन्याला आलेली माणसं ती, कवितेच्या मैफलीला नव्हे. त्यातल्या बहुतेकांनी शाळेत त्याची एखादी तरी कविता पाठ केली असणार.

मी नाशिकला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. धाकटा भाऊ डब्लिनमध्ये नोकरीला आहे. २०२३च्या सप्टेंबरात त्याच्याकडे जायचं ठरलं, तेव्हाच त्याला फोनवर सांगून टाकलं, “डोंगर-किल्ले पुढच्या वेळी. या खेपेला हीनीचं गाव.” हीनीला ‘मातीतला कवी’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे पद्धत आहे. शेत, बटाटे, कुदळ, आजोबा, झालं. मला हे कधीच पटलेलं नाही. तो ज्या मातीत वाढला तिथे, उत्तर आयर्लंडमध्ये, आयर्लंडशी एक व्हायला बघणारे कॅथलिक आणि ब्रिटनमध्ये राहू बघणारे प्रोटेस्टंट यांच्या झगड्यात माणसं मारली जात होती आणि मारणारे-मरणारे दोघेही त्याच्या ओळखीचे होते. त्याची प्रत्येक मोठी कविता या पेचातून आली आहे. ती माती बघायची होती.

जाणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. हीनीचं गाव उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंगडममध्ये येतं. रस्त्यावर ना चौकी ना फाटक, तरी भारतीय पासपोर्टवाल्याला तिकडचा व्हिसा लागतोच. माझ्या आयरिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असं लिहून आलं होतं, त्यामुळे आधी डब्लिनला उतरून पुढे उत्तरेत जायला अडचण नव्हती. भावाला मात्र डब्लिनचा रहिवासी असूनही ब्रिटनचा वेगळा व्हिसा काढावा लागला.

सकाळी कॉलेज ग्रीनला गेलो. जुन्या आयरिश पार्लमेंटच्या इमारतीत आता बँक ऑफ आयर्लंड आहे आणि तिच्या एका भागात नॅशनल लायब्ररीने हीनीचं प्रदर्शन मांडलं होतं. प्रवेश मोफत होता. २०११ साली हीनीने आपली सगळी कागदपत्रं देशाच्या या ग्रंथालयाला देऊन टाकली. परदेशी विद्यापीठांनी त्यासाठी मोठी रक्कम मोजली असती. काचेखाली कवितांचे कच्चे खर्डे होते. एक शब्द खोडलेला, वर दुसरा, तोही खोडलेला, मग पहिलाच परत लिहिलेला. छापील पानावर ज्या ओळी सहज उगवल्यासारख्या वाटतात, त्यांच्यामागे केवढी घासाघीस आहे ते इथे दिसलं. माझ्या वर्गातल्या मुलांना हे एकदा दाखवायला हवं, असं फार वाटलं.

दुपारी किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात. इथे दलदलीत सापडलेली माणसं ठेवली आहेत. आयर्लंडमधल्या पाणथळ जमिनीत वनस्पती पूर्ण कुजत नाहीत, थरावर थर साचत जातात. तो पीट. कापून वाळवला की चुलीला जळण होतं. या थरांत प्राणवायू नाही आणि पाणी आम्लधर्मी, त्यामुळे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी टाकलेला देह कातडं कमावल्यासारखा टिकून राहतो. २००३ साली सापडलेल्या ओल्डक्रोहन मॅनचं डोकं नाही, कमरेखालचा भागही नाही. पण हात आहेत. मी वाकून ते हात बघत राहिले. नखं नीट निगा राखलेली, बोटांच्या टोकांवरच्या रेषा स्पष्ट, दंडावर विणलेला चामडी पट्टा. आणि त्याच दंडांतून भोकं पाडून हेझलच्या काड्यांचे पीळ ओवलेले. हे हाल करून मारलेलं माणूस आहे.

पी. व्ही. ग्लोब या डॅनिश संशोधकाचं अशा देहांवरचं पुस्तक १९६९ साली इंग्रजीत आलं आणि हीनीच्या हाती पडलं. त्याच वर्षी बेलफास्ट आणि डेरीच्या रस्त्यांवर ब्रिटिश सैन्य उतरलं होतं. बळी दिलेल्या जुन्या माणसांच्या चेहऱ्यांत त्याला आपल्याकडचे बळी दिसायला लागले. १९७५च्या ‘नॉर्थ’ संग्रहात एका मुलीवर कविता आहे. व्यभिचाराबद्दल शिक्षा म्हणून तिला मारून दलदलीत टाकलं, असं तेव्हा मानत होते. कवी तिच्याकडे कणवेने बघतो आणि मग एकदम आपल्या काळात येतो. ब्रिटिश सैनिकांशी बोलणाऱ्या कॅथलिक मुलींना डांबर फासून कठड्याला बांधत, तेव्हा मी गप्प उभा होतो, असं तो म्हणतो. शिवाय ही सूडाची टोळीची भावना मला आतून कळते, असंही कबूल करतो. या कवितांवर सगळ्यात कडक टीका केली ती बेलफास्टच्याच किअरन कार्सन या कवीने. हीनी हिंसेचा राजकवी होत चाललाय, मिथकं रचतोय, असं त्याने लिहिलं. मला ती टीका पूर्ण चुकीची वाटत नाही. पुराणातला बळी आणि गल्लीतला खून एका माळेत ओवले की खुनाला नियतीचं रूप येतं. त्यात भर म्हणजे, पुढे झालेल्या तपासणीत ती ‘मुलगी’ बहुधा सोळाएक वर्षांचा मुलगा होता, असं निघालं. तरीही कविता उभी राहते. तिचा खरा विषय गप्प राहिलेला माणूस आहे.

संध्याकाळी सँडीमाउंटच्या समुद्रावर. १९७६पासून अखेरपर्यंत हीनीचं घर इथेच होतं, किनाऱ्यालगतच्या स्ट्रँड रोडवर. घर खासगी आहे, तिथे रेंगाळलो नाही. ओहोटी लागलेली होती आणि पाणी पार दूर गेलेलं. वडिलांवरची त्याची तीन ओळींची कविता याच वाळूवरची आहे. वडील काठी टेकत चालले, त्या काठीने वाळूत उमटलेली ठिपक्यांची रेघ, भरतीने न पुसल्या जाणाऱ्या गोष्टींत तीही एक. वडील १९८६ साली गेले. गुरांचा व्यापार करणारा, कमी बोलणारा माणूस. हीनीच्या कवितेत ते येतात ते बहुधा काठी किंवा कुदळ हातात घेऊनच.

बुधवार, बेलफास्ट

कॉनोली स्टेशनहून ‘एंटरप्राइझ’ गाडी सुटते आणि दोन-सव्वादोन तासांत बेलफास्टला पोचवते. ड्रॉहेडाला बॉइन नदीवरचा उंच पूल लागतो. डंडॉक सुटलं की कुठेतरी सीमा ओलांडली जाते. फोनवर नवीन नेटवर्कचा मेसेज आला, त्यावरून कळलं.

हीनीच्या एका कवितेतला प्रसंग याच मार्गावरच्या गाडीतला आहे, १९७९चा. अमेरिकेहून येऊन तो डब्लिन-बेलफास्ट गाडीत बसलेला. एक ओळखीचा रिपब्लिकन, म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारा, कार्यकर्ता समोर येऊन बसतो आणि शिवी हासडून विचारतो, आमच्यासाठी कधी लिहिणार आहेस? तेव्हा लाँग केश तुरुंगात कैद्यांचं आंदोलन चालू होतं. हीनीचं उत्तर असं, की लिहिलंच तर जे काही असेल ते मी माझ्यासाठीच लिहिलेलं असेल. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, हे जरा हात झटकल्यासारखंच झालं की.” तसं वाटू शकतं. पण ज्या काळात दोन्हीकडच्या भिंती घोषणांनी भरलेल्या होत्या, त्या काळात नामवंत कवीची एक ओळ पोस्टरवर यावी म्हणून टपलेले लोक होते. नाही म्हणायलाही किंमत मोजावी लागत होती. आणि दुसऱ्या बाजूलाही त्याने असंच स्पष्ट सांगितलं. १९८२ साली एका ‘ब्रिटिश’ कवितांच्या संकलनात त्याला मानाचं पान मिळालं, तेव्हा त्याने पद्यातच जाहीर पत्र लिहिलं की माझा पासपोर्ट हिरवा, म्हणजे आयरिश आहे, राणीच्या नावाने आमच्याकडे कधी पेला उंचावला गेला नाही.

बेलफास्टमध्ये क्वीन्स विद्यापीठाची लाल विटांची इमारत बघितली. हीनी इथे १९५७ ते १९६१ शिकला, पुढे १९६६पासून शिकवायलाही होता. मध्ये बॅलीमर्फीच्या शाळेत शिक्षक असताना मुख्याध्यापक मायकल मॅक्लाव्हर्टी यांनी त्याच्या हातात पॅट्रिक कॅव्हनाचं पुस्तक ठेवलं. मॅक्लाव्हर्टी स्वतः कथाकार. मॉनॅहन परगण्यातल्या शेतांवर, तिथल्या चिखलावर आणि कोंडमाऱ्यावर कॅव्हनाने लिहिलेलं वाचून हीनीला कळलं की आपलं घर, आपलं आवार हा कवितेचा विषय होऊ शकतो. एका मुख्याध्यापकाने योग्य वेळी दिलेलं एक पुस्तक! माझ्या पेशातल्या माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १९६३पासून फिलिप हॉब्सबॉम या प्राध्यापकाच्या घरी तरुण लेखक जमत, एकमेकांचं लिखाण फाडून काढत. हीनी तिथलाच, कवी मायकल लाँगलीही तिथलाच. १९६६ साली हीनीचा पहिला संग्रह लंडनच्या फेबरने काढला.

त्या संग्रहातली पहिली कविता ‘डिगिंग’ सगळ्यांना माहीत असते. खिडकीखाली वडील खणतायत, त्यांच्याआधी आजोबा पीट कापायचे, माझ्याकडे कुदळ नाही, मी लेखणीने खणेन. शिकवताना बहुतेक जण पहिल्या दोन ओळी घाईने उरकतात. तिथे दोन बोटांत लेखणी बसलीय ती बंदुकीसारखी चपखल. शेवटी तीच ओळ परत येते आणि बंदूक तेवढी गेलेली असते. कविता १९६४ची, म्हणजे दंगली पेटण्याच्या पाच वर्षं आधीची.

१९७२च्या उन्हाळ्यात क्वीन्सची नोकरी सोडून हीनी बायकोमुलांसह दक्षिणेत विक्लोच्या एका कॉटेजमध्ये गेला. पळून गेला, असंही म्हटलं गेलं. त्याने स्वतःचा उल्लेख ‘आतल्या आत परागंदा’ असा केला आहे. विक्लोचं कॉटेज आम्ही या फेरीत घेतलं नाही, ते खासगीच आहे. रात्री भाड्याची गाडी ताब्यात घेतली. दोन्हीकडे गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, फक्त उत्तरेत वेगाच्या पाट्या मैलांत असतात, तेवढं सांभाळायचं.

गुरुवार, बेलाही

बेलफास्टहून तासाभराचा रस्ता. बेलाही म्हणजे एक मोठा रस्ता, दुतर्फा घरं, दोनचार दुकानं, चर्चेस. गावात पीट कापणाऱ्या माणसाचा ब्राँझचा पुतळा आहे. १७व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या मद्यव्यापाऱ्यांच्या कंपनीला ही जमीन दिली गेली, त्या वेळची तटबंदीची हवेलीही आहे. इंग्रज आणि स्कॉट लोकांना आणून वसवण्याचा तो काळ. पुढच्या साऱ्या भांडणाची मुळं तिथली.

‘शेमस हीनी होमप्लेस’ हे केंद्र २०१६ साली उघडलं. ज्या जागेवर ते आहे तिथे आधी पोलिसांची, म्हणजे रॉयल अल्स्टर कॉन्स्टॅब्युलरीची छावणी होती. आत शिरलं की हीनीचा आवाज कानावर येतो. कवितेचं बटण दाबायचं, तो वाचून दाखवतो. आवाज घोगरा, संथ, शिकवणाऱ्या माणसाचा. त्याचं शाळेचं चामडी दप्तर आहे, कोट आहे. कवितांमधून येणाऱ्या खऱ्या माणसांचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फोटो आहेत. शाळेतल्या मुलांचा एक गट आला होता. त्यांच्या बाई त्यांना आईवरची बटाट्यांची कविता ऐकवत होत्या. घरचे सगळे प्रार्थनेला गेलेले, आई आणि मुलगा दोघंच बटाटे सोलतायत, सोललेले बटाटे पाण्याच्या बादलीत पडतायत, मधूनच पाणी उडतंय. पुढे आईच्या मरणशय्येपाशी पाद्री मंत्र म्हणत असताना मुलाला तेच आठवतं. जन्मभरात पुन्हा इतके जवळ आलो नाही, असं तो म्हणतो. २०१५ साली आयर्लंडच्या दूरदर्शनने शंभर वर्षांतली लोकांची आवडती कविता निवडायला सांगितली, तेव्हा हीच पहिली आली. मला विचाराल तर त्यांनी योग्यच निवडली. त्यात एकही मोठा शब्द नाही, तरी आई गेलेल्या कुणालाही ती सोडत नाही.

तिथून सेंट मेरीज चर्चच्या आवारात चालत गेलो. हीनीची कबर साध्या दगडाची, वर सिकमोरचं झाड. दगडावर त्याचीच ओळ आहे: स्वतःच्या शहाणपणाला न जुमानता हवेवर पाऊल टाक. १९९५च्या नोबेल भाषणातही त्याने ती म्हटली होती. इथेच घरच्यांमध्ये त्याचा लहानगा भाऊ ख्रिस्तोफर आहे. फेब्रुवारी १९५३मध्ये तो घरासमोरच्या रस्त्यावर गाडीखाली सापडला. शेमस तेव्हा डेरीच्या वसतिगृहात होता. त्यावरची कविता मी इतकी वर्षं शिकवते आहे. शाळेच्या आजारखोलीत तास मोजत बसलेला मुलगा, ओट्यावर रडणारे वडील, उठून हात मिळवणारी म्हातारी माणसं आणि त्याने अवघडून जाणं. शेवटी चार फुटांची पेटी, वर्षाला एक फूट. तिथे उभं राहून काही वाचलं नाही, वाचावंसं वाटलं नाही.

याच आवारात फ्रान्सिस ह्यूजेस आणि टॉमस मॅकेल्वी यांच्याही कबरी आहेत. दोघं नात्याने भाऊ, आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या संघटनेचे सशस्त्र सदस्य, १९८१च्या तुरुंगातल्या उपोषणात मेलेले. ह्यूजेस ५९ दिवसांनी गेला, मॅकेल्वी ६२. हीनी या कुटुंबांना शेजारी म्हणून ओळखत होता. त्यांच्या मार्गाला त्याने कधी होकार दिला नाही, त्यांच्या आईबापांचं दुःख मात्र कधी नाकारलं नाही. हे बोलायला सोपं आहे. ज्या गावात पोलिसांची छावणी आणि या दोघांची घरं जवळजवळ आहेत तिथे ते किती अवघड असेल, हे इथे आल्यावर जाणवतं.

आणखी एक नाव. बेलाहीच्या गेलिक क्रीडामंडळाचे अध्यक्ष शॉन ब्राउन मे १९९७मध्ये रात्री मंडळाच्या फाटकाला कुलूप लावत होते. त्यांना पळवून नेऊन गोळ्या घातल्या गेल्या. हीनीला ही बातमी कळली ग्रीसमध्ये, ऑलिंपियाला. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की हा ऑलिंपिकच्या प्राचीन वृत्तीवरचाच घाला आहे. नंतर ग्रीसवरच्या सुनीतांमध्येही तो खून आला. ग्रीक पुराणातल्या ऑजियस राजाचे तबेले धुणाऱ्या नदीचं पाणी एकीकडे आणि गावातल्या वाहनतळावर सांडलेलं खेळाडूचं रक्त दुसरीकडे.

शुक्रवार, लॉख बेग आणि टूम

पहाटे उठून लॉख बेगला गेलो, दव सुकायच्या आत. लॉख ने हे ब्रिटन-आयर्लंडमधलं सर्वांत मोठं सरोवर, त्यातून बॅन नदी टूमपाशी बाहेर पडते आणि थोडं पुढे हे छोटं सरोवर होतं. काठाची सपाट कुरणं हिवाळ्यात पाण्याखाली जातात, उन्हाळ्यात गुरं चरतात. पलीकडच्या चर्च आयलंड बेटावर झाडांतून चर्चचं टोक वर आलेलं दिसतं. १८व्या शतकात एका बिशपने आपल्या महालातून देखावा छान दिसावा म्हणून पडक्या चर्चला तो मनोरा जोडला.

कुरणात शिरल्यावर पँट गुडघ्यापर्यंत भिजली. लव्हाळ्याचे झुपके, शेणाचे पो, मधून मधून शेवाळ. धुक्यात गुरं जवळ येईपर्यंत दिसत नाहीत, आधी त्यांचा श्वास ऐकू येतो. हीनीच्या चुलत घराण्यातल्या कॉलम मकार्टनीवरची कविता याच जागेची आहे. ऑगस्ट १९७५मध्ये कॉलम आणि त्याचा मित्र क्रोक पार्कवर उपान्त्य सामना बघून गाडीने उत्तरेत परतत होते. सामना डेरी आणि डब्लिनचा होता. आर्माच्या निर्जन रस्त्यावर त्यांना अडवून गोळ्या घातल्या. अडवणारे सैनिकी वेशात होते असं मानलं जातं. कवितेत हीनी त्या रात्रीच्या रस्त्यावरून निघतो, मग लॉख बेगच्या काठी येतो. मागून येणारी पावलं थांबतात. वळून बघतो तर कॉलम गुडघ्यांवर, केसांत-डोळ्यांत रक्त आणि चिखल. कवी त्याच्यासमोर बसतो, ओंजळी भरभरून दव गोळा करतो, त्याचं तोंड धुतो, शेवाळाने पुसतो, लव्हाळ्याची हिरवी वीण करून कफनावर ठेवतो. इटालियन महाकवी दान्तेच्या ‘पर्गेटरी’ या काव्यात त्याचा वाटाड्या व्हर्जिल त्याचं तोंड दवाने धुतो, त्या आधारावर हे बेतलं आहे. १९७९च्या संग्रहातली ही कविता. मी वाकून गवतावरून हात फिरवला. तळहात क्षणात चिंब झाला. दव इतकं दाट असतं, हे इथे कळलं. कल्पनेचा अलंकार म्हणून ते आलेलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही आणि म्हणूनच मी या कवीच्या मागे आहे. पाच वर्षांनी, १९८४मध्ये, ‘स्टेशन आयलंड’ ही दीर्घ कविता आली. डॉनेगलमधल्या लॉख डर्ग या सरोवरातल्या बेटावर भाविक तीन दिवस अनवाणी, उपाशी, कोरा चहा आणि कोरडी भाकरी यांवर राहून प्रायश्चित्त घेतात. कवितेत त्या बेटावर हीनीला मेलेल्या माणसांचे आत्मे भेटत जातात. त्यात कॉलमही येतो. आणि तो चिडलेला आहे. तो म्हणतो, माझी बातमी कळली तेव्हा तू कवींच्या घोळक्यात होतास आणि तिथेच राहिलास. ज्याने मला गोळी घातली त्याच्यावर माझा थेट आरोप आहे, पण तुझ्यावरही आहे. तू ओंगळपणावर चुना फासलास, दान्तेचे सुंदर पडदे ओढलेस आणि माझ्या मरणाला सकाळच्या दवाची साखर लावलीस.

भाऊ फोनवर हा भाग वाचत कुरणातच उभा राहिला. म्हणाला, “हे त्यानेच स्वतःबद्दल लिहिलंय?” हो, त्यानेच. आपल्या सर्वांत नावाजलेल्या कवितांपैकी एकीला, जिच्यावर वाचक डोळे पुसत होते तिला, त्याने मेलेल्या माणसाच्या तोंडून खोटं ठरवलं. आणि तरी ती पहिली कविता मागे घेतली नाही. दोन्ही छापलेल्या आहेत, दोन्ही वाचायच्या आहेत. दुःखाला सुंदर करणं हा गुन्हा आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलेलं नाही. पण प्रश्न स्वतःवर घेतला. कार्सनसारख्यांनी बाहेरून जे म्हटलं त्यापेक्षा हे कडक आहे. मातीतला कवी म्हणून ज्याची आरती होते त्याने आपल्याच मातीत केलेला हा खोदकामाचा प्रकार, वर्गात कुणी शिकवत नाही.

नंतर मॉसबॉनला गेलो. कॅसलडॉसन आणि टूमच्या मधलं हे शेत, हीनीचं जन्मघर. १३ एप्रिल १९३९चा जन्म, नऊ भावंडांत थोरला. घर आता तसं नाही आणि खासगी आहे, रस्त्यावरूनच बघितलं. नोबेलच्या भाषणात त्याने तीन खोल्यांच्या गवती छपराच्या घराचं वर्णन केलं होतं. जवळून आगगाडी गेली की मोरीतल्या पिण्याच्या पाण्याच्या बादलीत वर्तुळं उठायची, अगदी नाजूक, आवाज न करता. अंगणातला पंप आणि स्वयंपाकघरात स्कोन, म्हणजे छोटे पाव, भाजणारी मेरी आत्या हे त्याच्या कवितेतले सर्वांत उबदार कोपरे. आत्यावरच्या कवितेत शेवटी प्रेमाची गोष्ट येते, तीही पिठाच्या कोठीत मुठीपर्यंत रुतून बसलेल्या पत्र्याच्या डावासारखी, चमक आत गेलेली. ख्रिस्तोफर गेल्यावर कुटुंब हे घर सोडून बेलाहीजवळ राहायला गेलं. रस्त्याच्या कुंपणाला ब्लॅकबेरी पिकून काळ्या पडल्या होत्या, थोड्या तोडून खाल्ल्या. त्याने लिहिलंय तशाच, गोड.

टूमला पोचलो आणि धक्का बसला. पाणी हिरवं होतं, रंगाचा डबा ओतल्यासारखं, काठाला जाड साय धरलेली, वास येत होता. २०२३च्या उन्हाळ्यात लॉख नेवर नील-हरित शैवाल माजलं. शेतांतून आणि सांडपाण्यातून येणारं फॉस्फरस आणि नायट्रोजन, बाहेरून आलेले झेब्रा शिंपले, त्यात विक्रमी उष्ण जून. उत्तर आयर्लंडचं सुमारे ४० टक्के पिण्याचं पाणी या सरोवरातून जातं. आणि सरोवराचा तळ आजही एका इंग्रज अर्ल घराण्याच्या मालकीचा आहे! आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मालकीणबाई म्हणाल्या, यंदा कुत्र्यालाही पाण्याजवळ नेत नाही.

टूमला ईल पकडणाऱ्या कोळ्यांची सहकारी संस्था आहे. ईल माशांची अंडी सारगॅसो समुद्रात, अटलांटिकच्या पलीकडे. तिथून पिल्लं इथवर येतात, वर्षानुवर्षं वाढतात आणि विणीसाठी परत तिकडेच जातात. हीनीने या सरोवरावर आणि कोळ्यांवर एक कवितामालिका लिहिली. दरवर्षी सरोवर एक बळी घेतं, अशी समजूत. म्हणून ते कोळी पोहायलाच शिकत नसत. पण मला जास्त आठवली ती ‘कॅझ्युअल्टी’. सासऱ्यांच्या पबमध्ये येणारा एक ईल पकडणारा म्हातारा. ३० जानेवारी १९७२ला डेरीत ब्रिटिश सैनिकांनी १३ जणांना गोळ्या घालून मारलं. अंत्यविधीनंतर कॅथलिक वस्त्यांत घराबाहेर पडू नका, असा आपल्याच लोकांचा हुकूम होता. हा मात्र नेहमीसारखा प्यायला बाहेर पडला आणि बाँबस्फोटात मेला. आपल्या टोळीचा नियम मोडला, तर तो किती दोषी? हीनी उत्तर देत नाही. शेवटी त्याच्याबरोबर होडीतून पहाटे पाण्यावर गेल्याची आठवण येते, आणि कवी मेलेल्याला म्हणतो, मला पुन्हा विचार.

शनिवार, डेरी

डेरीला जाताना रस्त्यावरच्या ‘लंडनडेरी’ (शहराचं अधिकृत नाव) पाट्यांवरचं ‘लंडन’ जागोजागी रंगाने पुसलेलं दिसतं. शहराचे तट १६१३ ते १६१९ मधले, अजून सबंध, वरून फेरी मारता येते. तटाखाली बॉगसाइड वस्ती, १३ जण पडले ते ठिकाण आणि त्यांचं स्मारक. बिशप स्ट्रीटवर सेंट कोलंब्स कॉलेजची जुनी इमारत आहे, आता तिथे दुसरी शाळा भरते. १९४७च्या शिक्षण कायद्याने गरीब घरच्या मुलांना शिष्यवृत्तीवर शिकता येऊ लागलं, त्यातून १२ वर्षांचा हीनी १९५१ साली इथल्या वसतिगृहात आला. नागरी हक्क चळवळीचे नेते जॉन ह्यूम याच शाळेचे, नाटककार ब्रायन फ्रील याच शाळेचे. एका शाळेला दोन नोबेल, हीनीला १९९५चं साहित्याचं, ह्यूमना १९९८चं शांततेचं.

फ्रील आणि नट स्टीफन रे यांनी १९८०मध्ये ‘फील्ड डे’ ही नाटकसंस्था काढली. हीनीने त्यांच्यासाठी सोफोक्लीसच्या ‘फिलोक्टीटीस’चं रूपांतर केलं, ‘द क्युअर ॲट ट्रॉय’. पहिला प्रयोग ऑक्टोबर १९९०मध्ये इथल्या गिल्डहॉलमध्ये झाला. पायाला न भरणारी जखम झालेला, सोबत्यांनी बेटावर टाकून दिलेला धनुर्धारी. जखम कुरवाळत राहायचं की बाहेर पडायचं, हा त्याच्यापुढचा प्रश्न. या नाटकातल्या कोरसची एक ओळ जगभर गेली, आशा आणि इतिहास यांचं यमक जुळेल ती. १९९५मध्ये बिल क्लिंटन डेरीत आले तेव्हा त्यांनी ती म्हटली, जो बायडन तर वारंवार म्हणतात.

गिल्डहॉलच्या पायऱ्यांवर बसून आम्ही तो अख्खा कोरस वाचला. त्या प्रसिद्ध ओळीच्या आधी दोन माणसं आहेत, जी भाषणांत कधी येत नाहीत. एक उपोषणात मेलेल्या कैद्याचा बाप, स्मशानात मुका उभा. दुसरी पोलिसाची विधवा, तोंडावर जाळी घेतलेली, अंत्यविधीच्या जागी चक्कर येऊन पडणारी. बेलाहीत एकाच दिवसात आम्ही उपोषणवाल्यांच्या कबरी पाहिल्या होत्या आणि पोलिसांच्या छावणीच्या जागेवर उभे होतो. बाप आणि विधवा एका श्वासात, कुणालाही आधी-नंतरचा मान न देता, आणि त्यानंतरच आशेचं नाव. भाऊ म्हणाला, “मग नुसती शेवटची ओळ म्हणणं म्हणजे फसवणूकच झाली, ताई.” मी त्याला म्हटलं, “निदान अर्धवट तरी नक्कीच.”

भाड्याची गाडी डेरीतच परत दिली. दुपारची थेट बस ओमा आणि मॉनॅहनवरून डब्लिनला येते. मॉनॅहनच्या अलीकडे कधीतरी पाट्या किलोमीटरच्या होतात. बसमध्ये भावाने ‘स्टेशन आयलंड’ पहिल्यापासून काढली आणि कळेनाशा जागा मला विचारायला लागला.